मधला भाग वगळणाऱ्या चेअरमनसाहेबांस

श्री. रा. रा. चेअरमनसाहेब यांचे सेवेशी,


आपल्याशी बोलायला जाहीर पत्राचा आधार घ्यावा लागतोय, त्याबद्दल क्षमस्व. सोसायटीच्या ग्रुपवरच लिहिणार होतो, पण त्या रात्रीनंतर तिथे फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येतं. सभासदांच्या बोटांना उगाच त्रास नको, ही आपली काळजी मला समजते. आपण सगळ्यांचीच काळजी वाहता. एका माणसाची तेवढी राहून गेली, म्हणून हे पत्र.

आपलं नाव मी लिहीत नाही. मोशीपासून चिखलीपर्यंत स्पाइन रोडच्या दोन्ही अंगांना ज्या सोसायट्या उभ्या राहिल्यात, त्यांतल्या पुष्कळ चेअरमनांना हे पत्र आपल्यालाच आलंय असं वाटेल. त्यांनीही ते आपलंच समजून वाचावं.

आधी आभार गणपतीतल्या सिनेमाचे. पार्किंगमध्ये पांढरा पडदा बांधून आपण ‘प्रहार’ दाखवलात. डीजे नको, ऑर्केस्ट्रा नको, पोरांना फौजी म्हणजे काय ते कळू द्या, असं आपण माइकवरून सांगितलंत. आमच्या वयाच्या लोकांची मान ताठ झाली. ‘प्रहार’ १९९१चा. तेव्हा पिंपरी-चिंचवडमध्ये आमच्या वडिलांच्या कंपन्यांचा बोनस झाला की दिवाळीत कुणीतरी व्हीसीआर भाड्याने आणायचं आणि रात्रभर सिनेमे चालायचे. त्यांत ‘प्रहार’ असायचाच. दुसऱ्या दिवशी सकाळी प्राधिकरणातल्या मोकळ्या प्लॉटांवर आम्ही कोपरांवर सरपटत असायचो. बांधकामावरून ढापलेली दोरी लिंबाच्या फांदीला बांधलेली, आणि एकजण मेजर चव्हाण होऊन सगळ्यांवर ओरडतोय. मेजर व्हायला प्रत्येकालाच हवं असायचं. पीटर व्हायला कुणी तयार नसायचं. आणि पीटरच्या वस्तीतली माणसं व्हायचं तर कधी कुणाला सुचलंही नाही. आपणही माझ्याच वयाचे. त्याच प्लॉटांवर कुठेतरी आपलीही कोपरं सोलवटली असणार.

पुढचे आभार मधला भाग वगळल्याबद्दल.

पीटर मारला गेला आणि आपण लॅपटॉपवर बसलेल्या मुलाला म्हणालात, “हे रडगाणं पुढे ढकल, डायरेक्ट फायटिंग लाव.” त्याने ढकललं. शेवटची मारामारी लागली. शिट्ट्या झाल्या, ‘भारत माता की जय’ झालं, आणि आरती वेळेवर सुरू झाली. इतकं नेटकं नियोजन महापालिकेलाही जमत नाही.

मी घरी जाऊन तो सिनेमा पहिल्यापासून पुन्हा पाहिला. आपण पुढे ढकललेल्या भागात काय आहे, ते आपल्याला कळवणं माझं कर्तव्य समजतो. तो भाग आपल्याबद्दलचाच आहे.

नाना पाटेकरांनी दिग्दर्शित केलेला हा एकमेव सिनेमा. मेजर प्रताप चव्हाणही तेच झाले. त्या भूमिकेसाठी ते बेळगावला जाऊन लष्कराचं प्रशिक्षण घेऊन आले, मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांबरोबर राहिले, आणि १९९९मध्ये कारगिल पेटलं तेव्हा खरोखरच सीमेवर गेले. माधुरी दीक्षित आणि डिंपल कापडिया त्यात मेकअपशिवाय वावरल्या. पीटरच्या म्हाताऱ्या बापाचं काम हबीब तन्वीर यांनी केलंय. आपण शिट्टीसाठी दम साठवत होतात तेव्हा त्या बापाच्या चेहऱ्याकडे पाहायचं राहिलं असेल, तर पुन्हा पाहा.

पीटर डिसोझा हा बेकरीवाल्याचा मुलगा. मेजरच्या हाताखाली तो कमांडो होतो आणि ओलिसांना सोडवण्याच्या मोहिमेत कायमचा जायबंदी होतो. मग मुंबईला परत येतो, बापाच्या बेकरीत लक्ष घालतो, लग्न ठरवतो आणि मेजरला आमंत्रण धाडतो. वस्तीतले गुंड हप्ता मागायला येतात. पीटर देत नाही. ते त्याला मारून टाकतात. मेजर लग्नाला म्हणून येतो आणि त्याला ही बातमी मिळते.

बरोबर इथे आपण म्हणालात, पुढे ढकल.

पुढे मेजर त्या वस्तीत थांबतो. विचारत राहतो. कुणी मारलं ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि बोलायला कुणी तयार नसतं. शत्रू समोरून येतो, त्याला आपण समोरून भिडायचं, एवढंच या माणसाला आयुष्यभर शिकवलंय. इथे त्याच्या समोर दारं लावून घेणारी साधी माणसं आहेत. त्यांना तो गोळी घालू शकत नाही, आणि त्यांच्याशिवाय त्याला न्यायही मिळत नाही. लहानपणी हा भाग लांबट वाटायचा. आता चाळिशी उलटल्यावर तोच एक भाग खरा वाटतो. शेवटी मेजर गुंडांना आपल्या हाताने संपवतो आणि न्यायालय त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात करतं. हाही शेवट आपण आरतीच्या गडबडीत कापलात. मेजरने केलं ते योग्य, असं मी म्हणत नाही. कायदा हातात घेणाऱ्याची मी आरती ओवाळणार नाही. पण त्या वस्तीतल्या दहा माणसांनी चौकीत जाऊन तोंड उघडलं असतं, तर मेजर लग्न नसलेल्या घरातून मान खाली घालून पलटणीत परत गेला असता आणि पुढचं काही घडलंच नसतं. एकट्या सैनिकाचा सिनेमा म्हणून आपण जो दाखवता, तो त्याला एकटं कुणी पाडलं याचा सिनेमा आहे.

‘फर्स्ट ब्लड’ही आपला लाडका, हे मला माहीत आहे. १९८२चा. व्हिएतनामहून परतलेला रॅम्बो पोटाला काही मिळेल म्हणून एका छोट्या गावात शिरतो आणि तिथला शेरीफ त्याला गाडीत घालून गावाबाहेर नेऊन सोडतो. पुढचं सगळं रामायण एवढ्यावरून घडतं. तिकडचा शेरीफ निदान समोर येऊन वाईटपणा घेतो. आपण तोही घेत नाही. त्याबद्दलही आपला आदर वाटतो.

आता त्या रात्रीचे आभार.

आपल्या गेटवर मेजर होते. जुन्नर-खेडपासून साताऱ्यापर्यंत फौजेतून आलेल्या कुणालाही गाव मेजरच म्हणतं. आपले मेजर मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पेन्शन होती, पण मुलीचं शिक्षण चालू होतं, म्हणून बारा तासांची रात्रपाळी. एजन्सीचा निळा शर्ट, एक वेताची काठी, टॉर्च आणि शिट्टी. छातीवर त्यांनी स्वतःची एक गोष्ट लावली होती, पलटणीची छोटीशी पिन. ती गणवेशात बसत नाही म्हणून आपण काढायला लावलीत. शिस्तीबद्दलची ही आस्था बेळगावच्या सेंटरमध्येही वाखाणली गेली असती.

मी त्या रात्री तिसऱ्या पाळीला चाकणला होतो. त्यामुळे जे सांगतो ते आपल्याच कॅमेऱ्याने टिपलेलं. बी विंगसमोरच्या खांबावर जो कॅमेरा बसवल्याचा फलक आपण प्रवेशद्वारावर अभिमानाने लावलाय, तोच.

२ वाजून ३४ मिनिटांनी तीन दुचाक्या आत येतात. मिसरूड फुटलेली पोरं, दोघांच्या हातात कोयते, एकाच्या हातात दांडकं. येताच काचा फोडायला सुरुवात. कुणाशी वैर नाही, काही चोरायचं नाही, परिसरात आपलं नाव व्हावं एवढाच हेतू. हा प्रकार आपल्या शहराला आता नवा राहिलेला नाही. मेजर केबिनमधून बाहेर येतात. चित्राला आवाज नाही, पण त्यांचे फुगलेले गाल दिसतात. ते शिट्टी वाजवतायत. मग ते मान वर करून बघतात. वर म्हणजे आपल्या सगळ्यांच्या गॅलऱ्यांकडे.

शिट्टी ऐकून विंगमध्ये दिवे लागायला हवे होते. कॅमेऱ्यात उलटं दिसतं. जे चालू होते ते एकेक करून बंद होतात. तिसऱ्या मजल्यावरचा जातो, पहिल्यावरचा जातो, मग आपला. अंधाऱ्या गॅलऱ्यांत मोबाइलचे उजेड तेवढे उरतात. आपल्या गॅलरीतला उजेड हलत नाही, इतक्या स्थिर हाताने आपण चित्रीकरण करत होतात. आणि २ वाजून ४१ मिनिटांनी ग्रुपवर आपला निरोप येतो: ‘कोणीही खाली उतरू नये. चेअरमन.’

त्याबद्दल विशेष आभार. पाण्याच्या मीटरवर, कुत्र्यांवर, पाहुण्यांच्या पार्किंगवर ज्या सभासदांचं आजवर कधी एकमत झालं नाही, त्यांनी आपला हा एक आदेश कसलाही ठराव न करता पाळला.

मेजर त्या वेळी ग्रुपवर नव्हते. सुरक्षारक्षकांना ग्रुपमध्ये घ्यायचं नाही, हाही आपलाच निर्णय. त्यामुळे खाली उतरायचं नाही हे त्यांना कुणी कळवलंच नाही आणि ते गाड्यांच्या रांगेतून पुढे गेले. एक कोयता त्यांनी काठीवर झेलला. दुसरा डाव्या हातावर बसला. तरीही ते पाऊल मागे घेत नाहीत. काठी आडवी धरून पोरांना गेटकडे रेटत नेतात. ज्या पांढऱ्या गाडीच्या पुढ्यात ते उभे राहिले, तिच्या काचेला ओरखडाही नाही. त्या गाडीच्या मागच्या काचेवर शिवछत्रपतींची राजमुद्रा आहे. आपली गाडी आपण ओळखलीच असेल.

पोरं निघून गेल्यावर मेजर केबिनच्या पायरीवर बसतात. गळ्यातला टॉवेल हाताला गुंडाळतात, एक टोक दातांत धरून गाठ ओढतात आणि उजव्या हाताने फोन लावतात. ११२ला तो फोन त्यांचाच गेला. वर इतके मोबाइल चालू होते. त्यांतल्या एकावरूनही गेला नाही.

पोलिसांच्या गाडीचा दिवा गेटवर फिरायला लागल्यावर आपण खाली आलात. नेतृत्व करणाऱ्याने योग्य वेळ साधावी लागते. आलात ते थेट मेजरांपाशी. मला क्षणभर वाटलं, आता आपण त्यांच्या खांद्यावर हात ठेवणार. तिथे असलेल्या इस्त्रीवाल्याच्या मुलाने आपलं वाक्य मला शब्दशः सांगितलंय. आपण विचारलंत, “त्यांच्या गाड्यांचे नंबर रजिस्टरला लिहिले का?”

१०८ आली. मेजरांना पिंपरीला वायसीएम रुग्णालयात नेलं. सोबत तोच इस्त्रीवाल्याचा मुलगा गेला. तो आपल्या सोसायटीचा सभासद नाही. त्याला लिफ्ट वापरायचीही परवानगी नाही, कारण कपड्यांच्या गाठोड्यामुळे आरसा खराब होतो. टाके पडेपर्यंत तो बाकावर बसून होता.

पोलिसांना आपण सांगितलंत, सगळे झोपेत होते, कुणी काही पाहिलं नाही. इतक्या थोडक्या शब्दांत इतक्या कुटुंबांच्या वतीने बोलणं सोपं नाही. पण मग २ वाजून ४१ मिनिटांचा निरोप झोपेत कुणी पाठवला? आणि गॅलरीतून केलेलं ते चित्रीकरण दुसऱ्या दिवशी आपल्याच स्टेटसवर, ‘पोलिस काय करतात?’ या प्रश्नासकट, कसं काय होतं? पोलिसांनी विचारलं तेव्हा आपण झोपेत होतात, आणि जगाने विचारलं तेव्हा जागे.

त्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला माहीत आहे. पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलिस आयुक्तालय मिळावं म्हणून किती ओरड झाली. १५ ऑगस्ट २०१८ला ते मिळालं, चाकणही त्याच हद्दीत आलं. आयुक्तालय आलं तरी कोर्टात उभं राहायला माणूस लागतो. साक्षीदाराशिवाय पोलिसांनी पकडलेलं पोरगं जामिनावर बाहेर येतं, आणि पुढच्या वेळी त्याच गेटमधून दुप्पट जोराने आत येतं. हे त्याला आपणच शिकवलंत. त्या पोरांनी त्या रात्री वर पाहिलं होतं, चेअरमनसाहेब. कॅमेऱ्यात तेही आहे. दिवे बंद होताना त्यांनी पाहिले आणि एकजण हसला.

नंतरच्या कमिटीच्या बैठकीचेही आभार मानायला हवेत. सुरक्षारक्षकाने अनावश्यक धाडस करून सभासदांच्या मालमत्तेस अधिक धोका निर्माण केला, सबब एजन्सीने तो बदलून द्यावा, असा ठराव आपण मांडलात. सूचक आपण, अनुमोदक खजिनदार. फोडलेल्या गाड्यांच्या काचांसाठी विम्याचे कागद कसे भरायचे यावर त्या बैठकीत बरीच चर्चा झाली. मेजरांच्या हातावर एका शब्दाचीही नाही. सिनेमातल्या मेजरला वेडा ठरवायला निदान न्यायालय बसावं लागलं. आपण ते काम चहाबिस्किटांवर उरकलंत.

सध्या मेजर चाकणच्या एमआयडीसीत, निघोज्याकडच्या एका कंपनीच्या गेटवर असतात. मी मुद्दाम भेटायला गेलो. कंपन्यांच्या बस सुटायची वेळ होती, गेटसमोर ट्रेलर अडकलेला, आणि ते उजव्या हाताने वाहनांना वाट करून देत होते. डावा हात खांद्यापर्यंत उचलत नाही अजून. मला खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले. मी आपला विषय काढला तर म्हणाले, “चेअरमनसाहेब भला माणूस आहे हो. भ्यायला असेल.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “फौजेत बडी असतो ना, आपल्या जोडीचा माणूस. पुढं जाताना मागं वळून बघायचं नसतं, तो असतोच. त्या रात्री सवयीनं तसाच पुढं गेलो. मागं कुणी नाही हे कोयता लागल्यावर कळलं.”

साहेब, मेजरांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, म्हणून मी सांगतोय. तो माणूस चोवीस वर्षं ज्या जगात राहिला तिथे एकटा सैनिक नावाची गोष्टच नाही. प्रत्येकाला जोडीदार, जोडीमागे सेक्शन, सेक्शनमागे प्लाटून, प्लाटूनमागे सबंध पलटण. एकटा सैनिक सिनेमात सापडतो किंवा आपल्या पार्किंगमध्ये.

आपल्या गाडीवरच्या राजमुद्रेबद्दलही थोडं बोलू द्या. चाकणला संग्रामदुर्ग आहे. गावात शिरलात तर आज दोन-चार भिंती आणि बुरुजांचे अवशेष दिसतील. ट्रॅफिकमध्ये अडकून आपण त्याच्या जवळून कितीदा गेला असाल. १६६०मध्ये शाहिस्तेखान हजारोंची फौज आणि तोफखाना घेऊन या छोट्या भुईकोटावर चालून आला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. हाताशी तीन-साडेतीनशे माणसं. भर पावसाळ्यात त्यांनी तो किल्ला पन्नासहून अधिक दिवस झुंजवला. शेवटी मोगलांना बुरुजाखाली भुयार खणून तो सुरुंगाने उडवावा लागला, तेव्हा किल्ला पडला. खानाने चाकरी देऊ केली ती फिरंगोजीने नाकारली, आणि महाराजांनी त्याला पुढे भूपाळगड सांभाळायला दिला. किल्ला गमावून आलेल्या माणसाला महाराजांनी दुसरा किल्ला दिला, हे मुद्दाम लिहितोय. आपण गाड्या वाचवणाऱ्या माणसाचं गेट काढून घेतलंत.

आणि ते तीन-साडेतीनशे लोक. त्यांची नावं आपल्याला पाठ नाहीत, मलाही नाहीत. ते कुणी खास सरदार नव्हते. पण फिरंगोजीने मागे वळून पाहिलं असतं तर ते दिसले असते. आपल्या बी विंगमध्ये तेवढीच माणसं राहतात.

मी काम करतो त्या पट्ट्यात हे रोजचं आहे, म्हणून मला एवढं टोचतं. सिनेमात बेकरीचा हप्ता होता. चाकणमध्ये त्याला हप्ता म्हणत नाहीत. कुणाला भंगाराचा ठेका हवा असतो, कुणाला माणसं पुरवायची असतात, कुणाचेच टँकर लागले पाहिजेत असा आग्रह असतो. नाही म्हटलं की मॅनेजरची गाडी रस्त्यात अडवली जाते. उद्योजकांच्या संघटना याबद्दल वर्षानुवर्षं निवेदनं देतायत. आणि जेव्हा जेव्हा कुणी एखादा पर्चेसवाला किंवा स्टोअरवाला नाही म्हणून उभा राहतो, तेव्हा शेजारच्या टेबलावरचे लोक स्क्रीनकडे बघायला लागतात. आपण घरी जे करता तेच आमच्याकडे ऑफिसात चालतं. त्या अर्थाने आपण या सबंध औद्योगिक पट्ट्याचे मार्गदर्शक आहात.

आपण भ्यालात, याचा मला राग नाही. कोयत्यासमोर कुणीही भितो. निःशस्त्र माणसाने रात्री अडीच वाजता खाली उडी घ्यावी, असं मी आपल्याकडे मागितलेलं नाही आणि मागणारही नाही. दिवा लावता आला असता. सगळ्या गॅलऱ्यांनी मिळून ओरडता आलं असतं. इतकी माणसं एकदम ओरडली तर तीन दुचाक्या थांबत नाहीत. ११२ला फोन करता आला असता. यांतलं काही करायला बेळगावचं प्रशिक्षण लागत नाही. आणि हे काहीच जमलं नाही तरी सकाळी पोलिसांना खरं सांगता आलं असतं. माझा राग त्या सकाळवर आहे.

ती सकाळ अजून दुरुस्त करता येते, म्हणून हा सगळा प्रपंच.

आपल्याला कायद्याची धास्ती वाटत असेल तर एवढं सांगतो. पोलिसांपुढे तपासात दिलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तसं होतं आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तसंच आहे. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये मंजूर केली आणि नव्या संहितेने राज्यांना ती करणं बंधनकारक केलंय. जिवाला धोका आहे असं वाटलं तर तिच्याखाली अर्ज करता येतो. आणि मेजरांनी जे केलं त्याला आपल्या ठरावात अनावश्यक धाडस म्हटलंय, पण स्वतःच्याच नव्हे तर दुसऱ्याच्याही जिवाचा आणि मालमत्तेचा बचाव करण्याचा हक्क कायदा प्रत्येकाला देतो. मेजरांनी आपल्या मालमत्तेचा बचाव केला. तो हक्क आपल्या वतीने बजावला गेला, हे आपल्या ध्यानात आलं नसावं.

तर विनंती अशी. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी चौकीत जातोय. कॅमेऱ्याचं चित्रण जबाबाला जोडायला देणार आहे. मी ते नंतर पाहिलेला माणूस, माझ्या शब्दाला मर्यादित किंमत. आपण ते वरून, स्वच्छ, झूम करून पाहिलंय. आपल्या मोबाइलमधल्या चित्रणात दोघांचे चेहरे ओळखू येतात, हे आपल्या स्टेटसवरून मला समजलं. ते चित्रण आणि आपण स्वतः, दोन्ही हवे आहेत. इस्त्रीवाल्याचा मुलगा येतोय. सी विंगमधल्या एक शिक्षिका आणि चौथ्या मजल्यावरचे एक आजोबा येतो म्हणालेत. आजोबांना जिना उतरायला त्रास होतो, त्यांना मी घेऊन येईन. आपली गाडी धडधाकट आहे, तेव्हा आपल्याला येण्यात अडचण नसावी.

मेजरांविरुद्धचा ठराव मागे घेण्यासाठी विशेष सर्वसाधारण सभेची मागणी सभासदांच्या सह्यांनिशी ऑफिसच्या पेटीत टाकलीय. त्यांना परत बोलवावं असं त्यात लिहिलेलं नाही. ते येणार नाहीत आणि त्यांनी यावं असं सांगायचा आपल्याला अधिकारही उरलेला नाही. ठराव मागे घ्यावा, उपचारात बुडालेला पगार सोसायटीने द्यावा, आणि पलटणीची पिन लावू न दिल्याबद्दल त्यांना लेखी दिलगिरी कळवावी, एवढंच आहे.

चौकीत जाताना मी गाडी घेऊन निघेन आणि दहाला पाच कमी असताना आपल्या विंगखाली दोन मिनिटं थांबेन. हॉर्न वाजवीन. आपण जागे असाल, ही खात्री आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
बी विंगमधला एक सभासद